वरच्या दाढेचा स्कॅन निघतो, वाचतं कोण?

वरची मागची दाढ दुखते म्हणून माणूस दवाखान्यात येतो आणि तोंडात धड आरसा फिरायच्या आधीच त्याच्या हातात चिठ्ठी पडते. चिठ्ठीवर तीन अक्षरं: 'ओपीजी', म्हणजे दोन्ही जबड्यांचा मिळून एक सपाट एक्स-रे. कुठल्या दाढेसाठी, कशाची शंका आहे म्हणून, याबद्दल अवाक्षर नाही. मोठ्या शहरांतल्या चकचकीत दवाखान्यांत हल्ली त्या जागी 'सीबीसीटी', म्हणजे दात-जबड्याचा थ्रीडी स्कॅन, लिहिलेलं असतं. चिठ्ठी तितकीच मुकी, फक्त बिल जास्त. आमच्या धंद्यात यावर वाद रंगतात. ओपीजी पुरे, असं जुने म्हणतात. थ्रीडी नसेल तर दाढेला हातच लावू नये, असं नवे म्हणतात. मी रोज दाढांच्या मुळांशी झटणारा दंतवैद्य आहे, त्यामुळे या वादात मला बाजू आहे. वरच्या दाढा आणि सायनस यांच्यापुरतं बोलायचं तर ओपीजीवर सगळ्यांत कमी भरवसा ठेवावा आणि सीबीसीटीवर सगळ्यांत जास्त. पण हा वाद जिंकून रुग्णाच्या पदरात फारसं काही पडत नाही. स्कॅन काढायच्या यंत्रावर आपल्याकडे परवाने आहेत, तपासण्या आहेत. निघालेला स्कॅन कोणी पूर्ण वाचला का, वाचून सही केली का, आणि तो रुग्णाला मिळाला का, हे मात्र कोणी विचारत नाही.

आधी जागा समजून घेऊ. खालच्या जबड्याचं हाड जाड आणि भरीव. वरचा जबडा तसा नाही. नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालाच्या हाडामागे, हवेने भरलेली एकेक पोकळी असते. तिला मॅक्सिलरी सायनस म्हणतात. मोठ्या माणसात ती साधारण १२ ते १५ मिलिलिटरची. नॅथॅनिअल हायमोर या इंग्रज वैद्याने १६५१ साली तिचं तपशीलवार वर्णन केलं. त्याने लिहून ठेवलेली एका बाईची हकीकत आजही शिकवण्याजोगी आहे. तिचा वरचा सुळा काढला, तिथून स्राव वाहायचा थांबेना. तिने त्या भोकात पिसाची काडी घालून पाहिली, तर काडी आत आत जातच राहिली. मेंदूपर्यंत गेली की काय, म्हणून बाई हादरली. काडी मेंदूत गेली नव्हती, सायनसमध्ये गेली होती. पावणेचारशे वर्षांनंतरही वरची दाढ काढल्यावर चूळ भरलेलं पाणी नाकातून येतं तेव्हा रुग्णाचा चेहरा तसाच होतो.

वरच्या पहिल्या आणि दुसऱ्या दाढेची मुळं या पोकळीच्या तळाला अगदी लागून असतात. काहींच्या बाबतीत मध्ये चांगलं चार-पाच मिलिमीटर हाड असतं, तर काहींच्या बाबतीत मुळाचं टोक आणि सायनसचं नाजूक अस्तर यांच्यामध्ये हाड जवळजवळ नसतंच. दाढ काढली की पुढच्या काळात सायनस खाली पसरतो आणि हाडाची उंची आणखी घटते. म्हणजे इथे प्रश्न मिलिमीटरचे असतात, आणि ते तीन दिशांचे असतात: मूळ किती वर, किती गालाकडे, किती टाळूकडे.

सपाट फोटोला तिसरी दिशा नसते. दातांचा एक्स-रे हा रोंटगेनच्या शोधाइतकाच जुना. १८९५ च्या नोव्हेंबरात किरण सापडले आणि १८९६ च्या जानेवारीत जर्मनीत ओटो वॉल्कहॉफने स्वतःच्याच दाढांचा फोटो काढला. त्यासाठी तो २५ मिनिटं किरणांखाली निपचित पडून होता. आज त्याच कामाला सेकंदाचा छोटासा अंश लागतो, आणि दवाखान्यात ज्याला आम्ही आरव्हीजी म्हणतो त्या सेन्सरवर चित्र लगेच उमटतं. या छोट्या फोटोला लोक कमी लेखतात. मला ते पटत नाही. बारकाव्याच्या बाबतीत आजही त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. दोन दातांमधली कीड, कॅपखालची फट, जुन्या रूट कॅनलची भरणी कुठे अपुरी राहिली आहे, हे सगळं तो दाखवतो आणि किरणांचा खर्च नगण्य असतो.

वरच्या दाढेपाशी मात्र त्याची अडचण होते. या दाढेला तीन मुळं: दोन गालाकडे, एक टाळूकडे. फोटोत ती एकमेकांवर चढतात. त्यावर गालाच्या हाडाची पांढरी सावली येते आणि नेमकी मुळांची टोकं झाकते. टाळू उथळ असेल तर सेन्सर दाताला समांतर उभाच राहत नाही, तो तिरका धरावा लागतो, आणि मुळं लांबलेली नाहीतर आखूड झालेली दिसतात. कोन थोडा बदलून दुसरा फोटो घेतला तर यातलं बरंच निस्तरतं. ही युक्ती विद्यार्थ्यांना पहिल्या क्लिनिकल वर्षात शिकवतात. धंद्यात पडल्यावर ती किती जण वापरतात, ते जाऊ द्या.

आता ओपीजी. फिनलंडच्या यिर्यो पाटेरोने ही पद्धत विकसित केली आणि १९६० च्या दशकापासून ती जगभर पोचली. डोक्याभोवती एक्स-रेची फट आणि समोरचा सेन्सर एकत्र फिरतात. जबड्याच्या कमानीएवढा एक वाकडा पट्टा स्पष्ट येतो, त्याच्या पुढचं-मागचं पुसट होतं पण नाहीसं होत नाही. कठीण टाळू, नाकातली हाडं, पलीकडच्या जबड्याची भुतासारखी छाया, सगळं वरच्या दाढांच्या मुळांवर येऊन बसतं. शिवाय चित्र मोठं होऊन येतं, आणि ते सगळीकडे सारखं मोठं होत नाही.

घाटावरून पाहताना जवळची टेकडी आणि तिच्या कितीतरी मागची डोंगररांग एकमेकींना चिकटलेली दिसतात. मध्ये अख्खं खोरं असतं, पण डोळ्याला ते कळत नाही. ओपीजीत मुळं आणि सायनस यांचं तसंच होतं. मूळ सायनसच्या शेजारून, टाळूकडून किंवा गालाकडून वर गेलेलं असतं, पण चित्रात ते थेट पोकळीत घुसलेलं दिसतं. शरण आणि मज्जर या दोन इस्रायली संशोधकांनी २००६ मध्ये ओपीजी आणि सीटी शेजारी शेजारी ठेवून हे मोजलं. ओपीजीत जी मुळं सायनसवर चढलेली दिसत होती, त्यांपैकी फक्त ३९ टक्के सीटीत खरोखर आत शिरलेली निघाली. म्हणजे ओपीजीकडे बोट दाखवून 'तुमची मुळं सायनसमध्ये गेलीत' असं सांगणारा डॉक्टर बरोबर असण्यापेक्षा चूक असण्याची शक्यता जास्त. आणि या वाक्याला घाबरून लोक दाढ काढायची वर्षानुवर्षं टाळतात, हेही मी पाहतो. सडलेली दाढ तशीच तोंडात ठेवणं सायनसला जास्त महागात पडतं, ते त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

ओपीजी टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. अक्कलदाढा, जबड्याचं फ्रॅक्चर, लहान मुलांचे न आलेले दात, पूर्ण तोंडाचा पहिला आढावा, यासाठी ते उत्तम आहे. तालुक्याच्या गावी तेवढंच यंत्र असेल तर तेवढ्यावर काम करावंच लागतं. पण वरच्या दाढेच्या मुळाशी पू आहे का, सायनसचा तळ शाबूत आहे का, या प्रश्नांना ओपीजीवरून 'नाही' असं उत्तर देऊ नये. त्यात मुळाशी हाड झिजलेलं दिसलं तर ते बहुधा खरंच झिजलेलं असतं. काही दिसलं नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही.

या खोट्या 'नाही'ची किंमत सगळ्यांत जास्त मोजतात ते एका बाजूच्या सायनसने हैराण झालेले लोक. एकच नाकपुडी वाहते. वास येतो, तोही असा की माणूस चारचौघांत बसायला लाजतो. गाल जड होतो. तो नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जातो, अँटिबायोटिकचा कोर्स होतो, पंधरा दिवस बरं वाटतं, पुन्हा पहिले पाढे. दाढ दुखत असेलच असं नाही. नस मेलेली किंवा रूट कॅनल झालेली दाढ अनेकदा दुखतच नाही, पू सायनसमध्ये सुखाने झिरपत असतो. मॅक्सिलरी सायनसच्या दुखण्यांपैकी दातांमुळे होणारी १० ते १२ टक्के, असं जुनी पुस्तकं सांगायची. सीटीचा वापर वाढल्यावर हा आकडा बराच वर गेला, आणि दुखणं एकाच बाजूचं असेल तर दाताचा संशय आधी घ्यावा, हे आता नाकाचे तज्ज्ञही मानतात.

तरी रुग्ण दोन खुर्च्यांच्या मध्ये पडतो. नाकाचे डॉक्टर सायनसचा सीटी काढतात. अहवालात 'डाव्या मॅक्सिलरी सायनसचं अस्तर सुजलं आहे' एवढं येतं. त्याच स्कॅनच्या खालच्या कडेला २६ क्रमांकाच्या, म्हणजे वरच्या डाव्या पहिल्या दाढेच्या मुळाभोवती काळं वलय असतं, त्याचा उल्लेख नसतो, कारण दात ही आपली हद्द नाही असं वाचणाऱ्याला वाटतं. रुग्ण 'दात दाखवून या' म्हणून आमच्याकडे येतो. आम्ही ओपीजी काढतो, वर सांगितलेल्या सगळ्या सावल्यांमुळे त्यात काही दिसत नाही, आणि आम्ही लिहून देतो: दात ठीक. दोन तज्ज्ञ, दोन फोटो, दोन्हीकडून क्लीन चिट, आणि दुर्बिणीतून सायनसचं ऑपरेशन झाल्यावरही वास कायम. थंड फवाऱ्याचा बोळा दाढेला लावून नस जिवंत आहे का ते बघायला दोन मिनिटं लागतात. ती तपासणी फुकट आहे, कदाचित म्हणूनच मागे पडली असावी.

सायनसच्या साध्या एक्स-रेबद्दल एकच वाक्य: हनुवटी टेकवून समोरून काढलेल्या त्या फोटोने दाताच्या प्रश्नात काही भर पडत नाही, तरी तो अजून काढला जातो.

आता सीबीसीटी. शंकूच्या आकाराचा किरणझोत डोक्याभोवती एक फेरी मारतो आणि संगणक त्यातून त्रिमिती चित्र उभं करतो. १९९० च्या दशकाच्या शेवटी इटलीत आणि जपानमध्ये जवळजवळ एकाच सुमाराला दातांसाठी हे यंत्र तयार झालं. इटलीतल्या गटाचा पहिला शोधनिबंध १९९८ चा. रुग्णाला त्रास काही नाही. हनुवटी टेकायची, समोरची काडी दातात धरायची, टेक्निशियन म्हणतो 'गिळू नका, हलू नका', आणि दहा-वीस सेकंदांत काम होतं.

खरं काम त्यानंतरचं आहे. पडद्यावर तीन खिडक्या उघडतात: वरून, समोरून, बाजूने. माउसचं चाक फिरवत दाढेच्या माथ्यापासून वर जायचं. आधी चार कंगोरे दिसतात, मग नसेची पोकळी, मग ती फुटून मुळांचे तीन गोल वेगळे होतात. गालाकडच्या पुढच्या मुळात नीट पाहिलं तर अनेकदा एका नळीच्या शेजारी दुसरी बारीक नळी दिसते. आधीच्या रूट कॅनलमध्ये ती भरलेलीच नसते, आणि पाच वर्षं चाललेल्या दुखण्याचं मूळ तिथे असतं. आणखी वर गेलं की टाळूकडच्या मुळाच्या टोकाशी हाड विरघळल्याची काळी जागा. तिच्या वर सायनसच्या तळाची पांढरी रेघ असायला हवी. ती एका जागी तुटलेली. तुटलेल्या जागेच्या बरोबर वर अस्तर फुगून वर आलेलं. पू कुठून कुठे गेला, याचा पुरावा इतका उघड असतो की रुग्णालाही दाखवता येतो. स्वित्झर्लंडमधल्या बर्नमध्ये वरच्या मागच्या दातांवर २००८ मध्ये झालेल्या तुलनेत छोट्या एक्स-रेपेक्षा सीबीसीटीत मुळांशी असलेले ३४ टक्के जास्त दोष सापडले. रोज काम करणाऱ्याला या आकड्याचं नवल वाटणार नाही.

इम्प्लांटच्या, म्हणजे हाडात स्क्रू बसवून लावायच्या दाताच्या, बाबतीत तर मी जुन्यांची बाजू घेऊच शकत नाही. वरच्या मागच्या भागात स्क्रू बसवायचा तर हाडाची उंची आणि रुंदी दोन्ही लागतात. ओपीजी रुंदी दाखवतच नाही आणि उंची फुगवून दाखवतं. हाड कमी असेल तर सायनसचं अस्तर उचलून खाली हाडाची भुकटी भरतात, त्याला सायनस लिफ्ट म्हणतात. त्यात सायनसच्या बाहेरच्या भिंतीत खिडकी पाडतात. त्याच भिंतीतून एक धमनी जाते. सायनसच्या आत काहींना हाडाचे आडवे-उभे पडदे असतात, तिथे अस्तर फाटतं. धमनी कुठून जाते, पडदा कुठे आहे, हे आधी न बघता खिडकी पाडणं म्हणजे रुग्णाच्या जिवावर उदार होणं. अमेरिकेतल्या तोंडाच्या रेडिओलॉजिस्टांच्या अकादमीने २०१२ मध्येच इम्प्लांटच्या जागेसाठी काटछेद दाखवणारी प्रतिमा हवी आणि त्यासाठी सीबीसीटी योग्य, असं म्हटलं. माझ्या मते यात चर्चेला जागा उरलेली नाही.

पण त्याच अकादमीने रूट कॅनलच्या तज्ज्ञांबरोबर मिळून जे सांगितलं, ते आमचे नवे मित्र सोयीने विसरतात: सुरुवात तोंडात सेन्सर ठेवून काढलेल्या छोट्या फोटोने करायची, आणि त्याने न सुटलेला नेमका प्रश्न असेल तर छोट्या क्षेत्राचा सीबीसीटी. प्रत्येकाला सरसकट नाही.

सरसकट का नाही? पहिलं कारण म्हणजे यंत्र खोटंही बोलतं. शेजारच्या दाढेवर धातूची कॅप असेल, मुळात धातूचा खिळा असेल, तर त्यातून काळ्या-पांढऱ्या रेघा फुटतात आणि त्या रेघांना मूळ तडकल्याची रेघ समजून चांगली दाढ काढली जाते. रुग्ण जरा हलला तर सायनसच्या तळाला दोन रेघा दिसतात. दुसरं, अस्तर थोडं सुजलेलं दिसणं फारच सामान्य आहे. सर्दी होऊन गेलेल्या, ॲलर्जी असलेल्या, काहीच तक्रार नसलेल्या माणसातही ते दिसतं. सायनसच्या तळाशी निरुपद्रवी गाठ तर कितीतरी जणांना असते. प्रश्न न विचारता स्कॅन काढला की ही सगळी मंडळी 'पेशंट' होतात.

आणि सीबीसीटी हाड दाखवतं, मऊ भाग दाखवत नाही. महाराष्ट्राला हा धडा २०२१ मध्ये मिळाला, तोही फार वाईट रीतीने. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराचे रुग्ण येऊ लागले आणि त्यातले बरेच आधी आमच्याकडेच आले, कारण त्यांच्या वरच्या दाढा अचानक हलू लागल्या होत्या, टाळू काळवंडली होती, गाल बधिर झाला होता. मधुमेह, स्टेरॉइडचा इतिहास, एका बाजूचा सायनस भरलेला. त्या मे महिन्यात केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं. या रुग्णांत हाड झिजल्याचं सीबीसीटीत दिसतं, पण बुरशी डोळ्याकडे, मेंदूकडे किती गेली ते कळायला कॉन्ट्रास्ट देऊन काढलेला एमआरआय आणि सीटीच लागतो. दवाखान्यात यंत्र आहे म्हणून तिथेच चार दिवस घालवणं अशा माणसाला परवडत नाही.

किरणांच्या भीतीबद्दल थोडं. छोट्या डिजिटल फोटोत साधारण ५ मायक्रोसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक) किंवा त्याहून कमी, ओपीजीत ढोबळमानाने १० ते २५. निसर्गातून आपल्याला जगाच्या सरासरीने वर्षाला २४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतात, म्हणजे दिवसाला सहा-सात. तेव्हा एका ओपीजीला घाबरून उपचार टाळणं शहाणपणाचं नाही. सीबीसीटीचा मात्र एक आकडा सांगताच येत नाही. युरोपीय आयोगाच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत फक्त दात-जबड्याच्या सीबीसीटीसाठी ११ पासून ६७४ पर्यंतचा पल्ला दिला आहे. साठपटीचा फरक! यंत्र कोणतं, क्षेत्र किती मोठं, सेटिंग काय, यावर तो ठरतो. एका दाढेच्या प्रश्नासाठी डोळ्यांपासून मानेपर्यंतचा स्कॅन काढला तर डोस वाढतो आणि दाढेचा बारकावा उलट घटतो, कारण मोठ्या क्षेत्रात चित्राचे कण मोठे असतात. म्हणून रुग्णाने 'रेडिएशन किती' असं विचारण्यापेक्षा 'क्षेत्र किती मोठं आणि का' असं विचारावं. लहान मुलांच्या बाबतीत तर हट्टाने विचारावं. अमेरिकेच्या दंतवैद्यक संघटनेने २०२४ मध्ये शिशाचा एप्रन आणि गळपट्टा आता लागत नाही असं सांगितलं. त्यामागचा विचार हाच: मुळात फोटो गरजेचा असेल तरच काढा आणि झोत हव्या त्या जागेपुरता ठेवा.

हे सगळं आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी मुक्या चिठ्ठ्या का निघतात? यंत्राचा हप्ता असतो म्हणून. २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अमेरिकेत लहान मुलांचे दात सरळ करण्यासाठी सीबीसीटी कसा खपवला जातो, यावर मोठी बातमी केली होती. तिथली गोष्ट आहे, पण महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात ती कळायला दुभाष्या लागणार नाही. ज्याच्या दवाखान्यात काही लाखांचं यंत्र उभं आहे त्याला प्रत्येक दाढेत त्रिमिती प्रश्न दिसू लागतो. ज्याच्याकडे यंत्र नाही त्याला सेंटरकडून काय मिळतं, हे लिहायला नको. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेण्याची ही कट प्रॅक्टिस रोखण्यासाठी राज्यात २०१७ मध्ये माजी पोलिस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीने कायद्याचा मसुदा केला होता. तो मसुदाच राहिला. त्यामुळे डॉक्टरांच्या सदसद्विवेकावर भिस्त ठेवून हा प्रश्न सुटेल, असं मला वाटत नाही.

सुटेल तो वाचनाच्या सक्तीने. एक्स-रे यंत्रांवर देखरेख ठेवणारं अणुऊर्जा नियामक मंडळ मुंबईत अणुशक्तीनगरला आहे, स्थापना १९८३ ची. दातांचं साधं यंत्र असो, ओपीजी असो की सीबीसीटी, त्याची नोंद मंडळाच्या ई-लोरा प्रणालीवर करावी लागते, खोलीची आखणी, यंत्राची गुणवत्ता चाचणी हे सगळं त्यात येतं. ही व्यवस्था किरणांपासून लोकांना वाचवते आणि ते काम ती करते. पण निघालेला स्कॅन न वाचता पेन ड्राइव्हवर पडून राहिला तर त्यात किरणसुरक्षेचा काही भंग होत नाही. तो प्रश्न दंतवैद्यकाचं नियमन करणाऱ्यांचा आहे. त्यासाठी २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला. जुन्या दंत परिषदेच्या जागी नवी घडी बसवायची तर हे कलम पहिल्यांदा बसवावं: सीबीसीटी काढला की संपूर्ण स्कॅनचा, फक्त विचारलेल्या दाढेचा नव्हे, लेखी आणि सहीचा अहवाल दिलाच पाहिजे, आणि मूळ डिजिटल फाइल रुग्णाच्या हाती गेली पाहिजे. संपूर्ण स्कॅन वाचून अहवाल द्यायचा, हे युरोपात तत्त्व म्हणून मान्य होऊन पंधरा वर्षं उलटली.

संपूर्ण स्कॅनचा आग्रह कशाला? कारण स्कॅनमध्ये दाढेबरोबर पलीकडचा सायनस येतो, नाकाचा पडदा येतो, कधी जबड्याचा सांधा येतो. मी इम्प्लांटची उंची मोजायला बसलो की माझा डोळा तेवढंच मोजतो. सायनसच्या भिंतीचं हाड खाल्लेलं दिसलं तर तो साधा सायनस नसतो, गाठही असू शकते, आणि ती पहिल्यांदा बघण्याची संधी त्या स्कॅननेच दिलेली असते.

माझे सहव्यवसायी म्हणतील, आम्हाला स्वतः वाचता येतं. येत असेल, मग वाचून सही करायला हरकत काय? सही करायची म्हटली की माणूस सगळ्या खिडक्या उघडतो, हा अनुभव आहे. ज्याला खात्री नाही त्याने तोंडाच्या रेडिओलॉजीत एमडीएस केलेल्याकडून वाचून घ्यावं. आपल्याकडे ही स्वतंत्र पदव्युत्तर शाखा आहे, दरवर्षी त्यातून डॉक्टर बाहेर पडतात, आणि त्यातले बरेच जण पोटासाठी फिलिंग करत बसतात, कारण त्यांच्या मूळ कामाला कोणी पैसे देत नाही. फाइल इंटरनेटवरून जाते. गडचिरोलीतला स्कॅन नागपुरात बसून वाचता येतो, सावंतवाडीतला गोव्यात बांबोळीला.

खर्च वाढेल, हा दुसरा आक्षेप, आणि तो खरा आहे. अहवालाचे काहीशे रुपये लागतील. पण आज लोक काही हजार मोजून चकचकीत फोल्डरात दोन-चार रंगीत छायाचित्रं घरी नेतात, ती दुसऱ्या डॉक्टरच्या काहीच उपयोगाची नसतात, आणि दुसरं मत घ्यायला गेले की तोच स्कॅन पुन्हा. मूळ फाइल हातात असेल तर हा दुसरा खर्च आणि दुसरा डोस दोन्ही वाचतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत अहवाल मिळण्याचा, दुसरं मत घेण्याचा आणि तपासणी कुठे करायची ते निवडण्याचा हक्क लिहिलेला आहे. दातांच्या दवाखान्यात तो मागणारे मी फार कमी पाहिले. ज्यांना काही हजार परवडतच नाहीत त्यांच्यासाठी मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं आणि मुंबईत महापालिकेचं नायर आहे. राज्याने सीबीसीटीवर पैसा घालायचा तर तिथे घालावा, आणि यंत्राबरोबर वाचणाऱ्याचं पदही मंजूर करावं. यंत्र घेताना पद विसरण्याची आपली जुनी खोड आहे.

नियम व्हायला वेळ लागेल. चिठ्ठी मात्र उद्यापासून बोलकी करता येईल. 'वरची डावी पहिली दाढ, क्रमांक २६. थंडाला प्रतिसाद नाही. डाव्या नाकपुडीतून तीन महिने दुर्गंधी. आरव्हीजीत टाळूकडच्या मुळाचं टोक स्पष्ट नाही. सायनसचा तळ शाबूत आहे का? छोटं क्षेत्र.' एवढं लिहायला अर्धं मिनिट लागतं, आणि हे लिहिता येत नसेल तर तो स्कॅन काढायची वेळ अजून आलेली नाही. रुग्णानेही चिठ्ठी हातात घेताना ती वाचावी, आणि त्यात फक्त तीन-चार अक्षरं असतील तर खुर्चीतून उठण्याआधी विचारावं: डॉक्टर, यात नक्की काय शोधायचंय, आणि वाचून सही कोण करणार?